जमीन विकून दादा चालायला लागेल का?

पत्र (थोडं कमी करून देतेय):

ताई, आम्ही कोपरखैरणेला राहतो. बाबा एपीएमसीत माथाडी आहेत, मसाला मार्केटला. दादा २७ चा आहे, एसी फिटिंगचं काम करायचा. चौदा महिन्यांपूर्वी ऐरोलीला आउटडोअर युनिट बसवताना तिसऱ्या मजल्यावरून पडला. डी-१० चा मणका (छातीमागचा दहावा) मोडला, ऑपरेशन करून रॉड-स्क्रू टाकलेत, पण कमरेखाली काहीच हलत नाही आणि कळतही नाही. पेपरवर 'आशिया ए' लिहिलंय. आता आत्याच्या मिस्टरांनी एक क्लिनिक शोधलंय. ते म्हणतात मणक्यात जेलचं स्कॅफोल्ड बसवणार आणि त्यात स्टेम सेल सोडणार, तीन सिटिंग, साडेबारा लाख. अमेरिकेतल्या 'नाचणाऱ्या रेणूं'चा उंदराचा व्हिडिओ पण दाखवला. बाबा पाटणची जमीन विकायला निघालेत. आई म्हणते जमीन काय चाटायचीये, पोरगं उभं राहिलं पाहिजे. मी थांबा म्हटलं तर सगळे म्हणतात तुला भाऊ बरा व्हायला नकोय का. दादा काहीच बोलत नाही, परवा एवढंच म्हणाला की मला निदान संडासला तरी एकट्याला जाता यायला पाहिजे. मी काय करू?

उत्तर:

अगं, आधी हे ऐक. बाबांनी इसार घेतला नसेल तर घेऊ नका म्हणावं, आणि घेतला असेल तर साठेखतावर सही करायच्या आधी आठ दिवस थांबा. या कामासाठी ही जमीन विकू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि का ते सगळं सांगते, थोडं लांबेल पण वाच, जमलं तर बाबांनाही वाचून दाखव. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून वीसेक वर्षं काम केलंय, त्यातली बरीच मणक्याच्या पेशंटसोबत, त्यामुळे तुमच्या घरात आत्ता काय चाललं असेल ते मला दिसतंय. कुणी वाईट नाहीये त्यात, आत्याचे मिस्टर पण नाहीत, त्यांनी धावपळ करून काहीतरी शोधून आणलं. आणि तुला जे बोलले ते दुःखातून बोलले, ते मनाला लावून घेऊ नकोस. घरात एक जण तरी प्रश्न विचारणारं लागतं, ते काम तुझ्याकडे आलंय.

अवघड हे आहे की क्लिनिकवाले जे बोलतायत त्यातलं अर्धं खरं आहे. म्हणून खरं किती ते आधी सांगते.

दादाचा मणका मोडला म्हणजे हाड मोडलं, ते रॉड-स्क्रूने धरलंय. खरं नुकसान आतल्या मज्जारज्जूचं, डॉक्टर कॉर्ड म्हणतात ती. करंगळीएवढी जाड, साधारण ४५ सेंटीमीटर लांब, आणि एकदम मऊ. पडल्या क्षणी तिला मार बसला तो बसलाच, पण पुढच्या काही तासांत आणि दिवसांत सूज येते, रक्तपुरवठा कमी होतो, मेलेल्या पेशींतून जे बाहेर पडतं ते शेजारच्या चांगल्या पेशींनाही मारतं, म्हणजे जखम आतल्या आत पसरत जाते. मग तिथे पाण्याने भरलेली पोकळी होते आणि भोवती वण धरतो. हाताची नस (रक्तवाहिनी नाही, मेंदूचे संदेश नेणारी नर्व्ह) तुटली आणि नीट शिवली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर अशी ती परत वाढत जाऊ शकते, कॉर्डमधले तंतू मात्र त्या वणापाशी येऊन अडतात. खूप वर्षं डॉक्टरांना वाटायचं की या तंतूंत वाढायची ताकदच नाही. १९८१ मध्ये माँट्रियलच्या अगुआयो आणि डेव्हिड या दोघांनी उंदरांमध्ये पायाच्या नसेचा तुकडा कॉर्डला पुलासारखा जोडला आणि त्या तुकड्यातून कॉर्डचे तंतू लांबपर्यंत वाढलेले दिसले. म्हणजे तंतूंत दम आहे, भोवतालची जागा त्यांना वाढू देत नाही. आज जगात जे काही बायोमटेरियलचं, म्हणजे शरीरात बसवायच्या पदार्थांचं काम चाललंय ते बरंचसं या एका गोष्टीवर उभं आहे.

स्कॅफोल्ड म्हणजे खरं तर परांची, बिल्डिंगला बांधतात ती, पण बाबांना मांडव म्हणून सांग, लगेच कळेल. कारल्याचा वेल मांडव नसेल तर जमिनीवरच गुंता करून पडतो, मांडव दिला की दिशा धरतो. तसा त्या पोकळीत मऊ मांडव ठेवायचा, तंतूंना धरायला काहीतरी मिळेल, वण कमी धरेल, आणि त्यातच औषध किंवा पेशी (स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) ठेवल्या तर त्या वाहून न जाता तिथेच राहतील. हा मांडव कशाकशाचा करतात ते मला नेहमी खूप भारी वाटतं. कोलॅजेन, जे आपल्या कातडीत असतं, फायब्रिन म्हणजे जखमेवर रक्त गोठतं त्यातलं, समुद्रातल्या शेवाळातून मिळणारं अल्जिनेट, आणि कोळंबी-खेकड्याच्या टरफलापासून केलेलं कायटोसॅन, म्हणजे दिवाळे गावच्या मासळी बाजारातून कोळंबी आणून आपण सोलून फेकतो ना, तेच टरफल. विरघळणारे टाके ज्या जातीच्या प्लॅस्टिकचे असतात त्याचाही करतात. तो कॉर्डइतकाच मऊ असावा लागतो, कडक झाला तर उलट टोचून आणखी वण धरतो, आणि काम झालं की आपोआप विरघळून जावा लागतो. २०१९ मध्ये सॅन दिएगोच्या लोकांनी उंदराच्या कॉर्डच्या मापाचा, दोन मिलिमीटरचा तुकडा थ्रीडी प्रिंटरवर छापला, आत बारीक बारीक बोगदे ठेवून, आणि त्या बोगद्यांतून तंतू पलीकडे गेलेले दिसले. हे सगळं खरं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आशा आहे, हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुढचं वाचून तुला वाटेल ताई सगळ्यालाच नाही म्हणतेय.

आता तो व्हिडिओ. नाचणारे रेणू हे नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या सॅम्युअल स्टुप यांच्या टीमचं काम, नोव्हेंबर २०२१ मध्ये छापून आलं. पाण्यासारखं द्रव कॉर्डभोवती टोचलं की आत जाऊन त्याचं धाग्यांचं जाळं होतं, आणि त्यातले रेणू हलते ठेवले की पेशींना संदेश जास्त चांगला पोचतो. लुळे पडलेले उंदीर चार आठवड्यांत चालायला लागले, खोटं नाहीये ते. पण इंजेक्शन दिलं होतं दुखापतीनंतर २४ तासांनी. दादाला चौदा महिने झालेत. एवढा फरक आहे, आणि क्लिनिकमध्ये व्हिडिओ दाखवताना तो कुणी सांगितला का ते आठवून बघ.

माणसात काय झालं ते आता सांगते, आणि हाच भाग बाबांना नीट समजावायचा आहे. अमेरिकेत एका कंपनीने विरघळणारा स्कॅफोल्ड केला, पहिल्या पेशंटला तो २०१४ मध्ये बसवला. दादासारखेच पेशंट, छातीच्या लेव्हलची दुखापत, आशिया ए (म्हणजे दुखापतीखाली हालचाल-जाणीव काहीच शिल्लक नाही, ही सगळ्यात गंभीर ग्रेड), फक्त सगळ्यांचं ऑपरेशन दुखापतीनंतर पहिल्या काही दिवसांतच. सहा महिन्यांनी तपासलं तर १६ पैकी ७ जणांची ग्रेड सुधारली होती. केवढी मोठी बातमी झाली असेल बघ! पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. मग त्यांनी दुसरा अभ्यास केला, २० पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले, १० जणांना नेहमीचं ऑपरेशन आणि स्कॅफोल्ड, १० जणांना नुसतं नेहमीचं ऑपरेशन. स्कॅफोल्डवाल्यांत दोघे सुधारले. आणि स्कॅफोल्ड नसलेल्यांत तिघे. २०२३ मध्ये हा निकाल आला आणि पुढच्याच वर्षी त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

असं का झालं? कारण पहिल्या काही महिन्यांत कॉर्डची सूज उतरते, दबलेले काही तंतू परत जागे होतात, आणि काही पेशंट कुठलाही स्कॅफोल्ड न घालता थोडे सुधारतात. मिरचीचं पोतं काट्यावर चढवलं तर बारदानाचं वजन वजा केल्याशिवाय मिरची किती ते कळत नाही, हे बाबांपेक्षा चांगलं कुणाला माहिती असणार. तुलनेचा गट म्हणजे ते बारदान. क्लिनिकवाले तुम्हाला जे पेशंटचे व्हिडिओ दाखवतात, हा बघा पाय हलवायला लागला, ते सगळं बारदानासकट वजन आहे. तो माणूस कधी पडला होता, त्याची ग्रेड ए होती की सी, उपचाराच्या आधी त्याला किती हलवता यायचं, यातलं काहीच त्या दोन मिनिटांत नसतं.

चांगल्या बातम्या पण आहेत. मार्च २०२५ मध्ये जपानच्या केयो युनिव्हर्सिटीने रीप्रोग्रॅम केलेल्या, म्हणजे साध्या पेशींना बदलून तयार केलेल्या पेशी कॉर्डमध्ये सोडलेल्या चार पेशंटचे निकाल सांगितले, चौघांपैकी दोघांत हालचाल सुधारली. तेही पेशंट दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांतले होते आणि आकडा फक्त चार. चीनमध्ये २०१५ पासून कोलॅजेनच्या स्कॅफोल्डवर पेशी बसवून काम चाललंय, तिथे जुन्या दुखापतीचे पेशंटही घेतलेत, पण मोजके, आणि जे फायदे सांगितले ते जाणीव थोडी खाली सरकणं, संडास लागल्याचं कळणं अशा प्रकारचे. ते काही कमी नाही म्हणा, दादासारख्याला संडास लागल्याचं कळणं किती मोठं आहे हे मला माहितीये. पण जमीन विकणाऱ्या बापाला जे दाखवतात ते हे नसतं, त्याला उभा राहिलेला मुलगा दाखवतात.

जुन्या दुखापतीत अजून एक अडचण असते. ताज्या जखमेत पोकळी भरायची असते, चौदा महिन्यांनी तिथे घट्ट वण असतो. तिथे स्कॅफोल्ड ठेवायचा तर कॉर्ड उघडावी लागते, वण काढावा लागतो, आणि त्यात कॉर्डचे वरचे एक-दोन सेगमेंट, म्हणजे आत्ता चालू असलेले भाग, गेले तर? दादा डी-१० आहे, म्हणजे पोटाचे बरेचसे स्नायू त्याच्या ताब्यात आहेत, त्यावर तो बसल्यावर तोल सांभाळतो. हे गेलं तर आज जो मुलगा बसून स्वतः जेवतो त्याला बसवायलाही टेकू लागेल. आणि ऑपरेशन न करता नुसत्या कमरेतल्या सुईने पेशी सोडणार असतील तर मग त्याला स्कॅफोल्ड म्हणायचं कशाला, तीन सिटिंगमध्ये मांडव कुठे आणि कसा बांधणार, हे त्यांना विचार. मला तर तीन सिटिंग या शब्दापाशीच शंका आली.

धोक्याचं एक उदाहरण सांगते. एका अमेरिकन मुलीची दुखापत जवळपास दादाच्याच लेव्हलची, डी-१०, डी-११. तिने पोर्तुगालला जाऊन नाकाच्या आतल्या त्वचेच्या पेशी कॉर्डमध्ये बसवून घेतल्या. आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली, बघितलं तर कॉर्डमध्ये गाठ, आणि ती गाठ नाकासारखा चिकट द्राव तयार करत होती. परत ऑपरेशन करून काढावी लागली. डॉक्टरांनी २०१४ मध्ये ते छापलं. आणि ते चांगल्या हॉस्पिटलमध्ये, अभ्यासाचा भाग म्हणून केलेलं काम होतं.

आता नियम. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यानुसार रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरोसारखं काम सोडलं तर स्टेम सेल बाकी कशासाठीही द्यायचे असतील तर ते मंजुरी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे पेशंटवरच्या अभ्यासातच द्यायचे, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणून तुला एकच प्रश्न पुरे आहे. क्लिनिकला विचार, हे ट्रायल आहे का? हो म्हणाले तर सीटीआरआयचा नंबर मागायचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, तो नंबर कुणालाही ऑनलाइन टाकून बघता येतो, आणि मग विचारायचं की ट्रायल आहे तर साडेबारा लाख कशाचे? नाही म्हणाले, हा आमचा रेग्युलर उपचार आहे म्हणाले, तर मग मंजुरी नसलेली गोष्ट विकतायत. दोन्हीकडून उत्तर एकच येतं. हे फोनवर नको, व्हॉट्सॲपवर लिहून विचार, म्हणजे उत्तर लिहून येईल किंवा येणारच नाही, आणि ते आत्याच्या मिस्टरांना दाखवता येईल. भांडायची गरज पडणार नाही.

अजून एक, हे फार लोकांना माहिती नसतं. उद्या खरोखरच जुन्या दुखापतीसाठी चांगला ट्रायल आला, तर त्यात आधी कुठे स्टेम सेल घेतलेल्या पेशंटला बऱ्याचदा घेतच नाहीत. म्हणजे आज साडेबारा लाख देऊन दादाचं उद्याचं दार बंद होऊ शकतं. बाबांना 'काही होणार नाही' असं सांगू नकोस गं, ते ऐकून कुठलाही बाप जमीन विकेलच. त्यांना सांग की आत्ता नाही, आणि जेव्हा येईल तेव्हा दादाचं शरीर तयार असलं पाहिजे, आणि त्यासाठीच आपल्याला आत्ता पैसा आणि ताकद लावायचीये.

तयार म्हणजे काय ते मी अनुभवावरून सांगते. वर्तकनगरचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, हुशार, दादाच्याच वयाचा. घरच्यांनी दागिने मोडून त्याला एका क्लिनिकला नेलं, दोन-तीन महिने त्या धावपळीत गेले, ट्रेनचा प्रवास, लॉजवर राहणं, व्यायाम बंद, कुस बदलणं बंद, सगळं लक्ष इंजेक्शनवर. परत आला तेव्हा ढुंगणावर बेडसोर, हाडापर्यंत. पाय होते तसेच. तो बेडसोर भरायला आठ महिने गेले, आठ महिने तो पालथा झोपून होता. मी रोज त्याच्या आईच्या तोंडाकडे बघायचे आणि मला काही बोलता यायचं नाही. त्या क्लिनिकने नंतर फोनही उचलला नाही. मी तुला एवढ्या आग्रहाने लिहितेय त्याचं कारण तो मुलगा आहे.

तर दादाची कातडी रोज बघायची, आरशात त्याने स्वतः बघायची, माकडहाड, कुल्ले, टाचा. झोपलेला असताना दर दोन तासांनी कुस, व्हीलचेअरवर दर वीस-तीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलणं किंवा पुढे वाकणं. आपल्याकडच्या घामाच्या दमट हवेत लाल डाग दिसला की तो उद्यावर ढकलायचा नाही. पायाचे सांधे रोज पूर्ण फिरवायचे, घोट्याचा खास, कारण एकदा पाय आखडला की मग कुठलाही स्कॅफोल्ड तो सरळ करणार नाही. वर्षातून एकदा किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी. लघवीला कायमची पिशवी लावलेली असेल तर युरॉलॉजिस्टला विचारून दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून काढायला शिकवा, सीआयसी म्हणतात त्याला, हात चांगले असल्यावर बहुतेकांना जमतं आणि इन्फेक्शन कमी होतं.

आणि आता दादाचं ते वाक्य, मला निदान संडासला तरी एकट्याला जाता यायला पाहिजे. तुझ्या अख्ख्या पत्रात दादा एवढंच बोललाय, आणि घरात त्यावर कुणी उत्तर दिलंय असं दिसत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत मणक्याच्या ६८१ पेशंटना विचारलं होतं की काय परत मिळालं तर तुमचं आयुष्य सगळ्यात जास्त सुधारेल. ज्यांचे हात गेले होते ते म्हणाले हात. ज्यांचे फक्त पाय गेले होते त्यांच्यात सगळ्यात वर आलं वैवाहिक सुख, मग लघवी-संडास आणि कंबर-पाठीची ताकद हे पण बरंच वर. चालणं पहिल्या नंबरला नव्हतं. आपण नातेवाईक चालण्याच्या मागे असतो कारण आपल्याला तेच दिसतं. त्या पहिल्या गोष्टीबद्दल तो तुझ्याशी किंवा आईशी कधीच बोलणार नाही, त्यासाठी त्याला त्याच्यासारखाच एखादा पुरुष भेटला पाहिजे, जुना पेशंट, लग्न झालेला, कामावर जाणारा. हाजीअलीला एआयआयपीएमआर म्हणून केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे त्याला एकदा घेऊन जा, कोपरखैरण्याहून गाडी करून जावं लागेल, तरी जा. लघवीचं, संडासचं, व्हीलचेअरच्या मापाचं, कॅलिपरचं (पायाला बांधायच्या आधाराचं) सगळं एका जागी विचारता येईल, आणि बाहेर बाकड्यांवर बसलेली माणसं त्याला जे सांगतील ते मी किंवा कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही.

संडासचं होऊ शकतं. हे मी आशेने बोलत नाहीये, डी-१० ला हात आणि खांदे पूर्ण चांगले असतात, या लेव्हलची बहुतेक माणसं शिकवलं तर स्वतः अंघोळ करतात, कपडे घालतात, पलंगावरून व्हीलचेअरवर जातात, हाताने चालवायची गाडी चालवतात. पोटाची वेळ बांधायची असते, रोज किंवा एक दिवसाआड त्याच वेळी, जेवणानंतर किंवा गरम चहानंतर अर्ध्या तासाने, कारण तेव्हा आतडं आपोआप हलतं. सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि बोटाने उत्तेजन देणं नर्सकडून किंवा थेरपिस्टकडून शिकून घ्यायचं, त्याच्या लेव्हलला ते बहुतेक काम करतं. पहिले दोन-तीन महिने गोंधळ होईल, कपडे खराब होतील, तेव्हा आईला सांग तोंडावर काही दिसू देऊ नकोस. नंतर बसतं.

पण मग घर तसं पाहिजे. आपल्या कोपरखैरण्यातली माथाडींची छोटी घरं मला माहितीयेत, संडासचं दार अरुंद, उंबरा उंच, आत भारतीय भांडं, व्हीलचेअर वळतच नाही. कमोडची चाकाची खुर्ची घ्यायची, उंबरा काढायचा, दार मोठं करून बाहेर उघडणारं किंवा सरकतं करायचं, दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के स्टीलचे दांडे. गवंडी आणि प्लंबरचं काही दिवसांचं काम आहे. साडेबारा लाखांच्या पुढे हा खर्च काहीच नाही, आणि याने दादा ज्या गोष्टीसाठी तोंड उघडून बोलला ती त्याला मिळते. त्याला स्वतःला विचारून करा हं, दांडा कुठे पाहिजे, किती उंचीवर, त्यानेच खूण करायची. एसी फिटिंगवाला आहे तो, ब्रॅकेट कुठे ठोकायचं हे त्याला तुमच्या गवंड्यापेक्षा चांगलं कळेल.

पैशाचं आणखी एक, आणि हे या आठवड्यातच करायचंय. दादा कामावर असताना पडला. त्याचा ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापला जात होता का ते बघ, पगाराच्या स्लिपवर असेल. असेल तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबाने दर महिना पैसे मिळतात, आयुष्यभर. नसेल तर ज्याच्याकडे काम करत होता त्याच्यावर कायद्याने भरपाईचा दावा होतो, ठेकेदार असला तरी. या दाव्यांना मुदत असते आणि चौदा महिने गेलेत, त्यामुळे कामगारांच्या केसेस बघणाऱ्या वकिलाकडे लगेच जा, बाबांच्या माथाडी युनियनमध्ये विचारलं तर कुणीतरी नाव नक्की सांगेल. साहेब ओळखीचे आहेत, त्यांनी हॉस्पिटलला पन्नास हजार दिले होते, आता कसं मागायचं, असं बाबा म्हणतील बहुतेक. मागायचं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर त्याचाही ऑनलाइन अर्ज टाक, पुढच्या सगळ्या सवलती त्यावर अडतात.

बाबांशी बोलताना सगळ्यांसमोर नको बोलूस. ते मार्केटमधून आले, अंघोळ झाली, चहा घेतला की बस त्यांच्याजवळ, आधी म्हण की बाबा, तुम्ही जमीन विकायला तयार झालात हे बघून मला रडू आलं. कारण ते खरं आहे, चौदा महिने ते पोती उचलून घरी येतात आणि पोराला उचलतात, आणि त्यांना काहीतरी मोठं केल्याशिवाय आपण बाप आहोत असं वाटत नाहीये. जमीन विकणं हे त्यांचं मोठं. त्यांच्या हातातून ते काढून घेताना दुसरं काहीतरी द्यावं लागेल, म्हणून संडासचं काम त्यांच्या अंगावर टाक, गवंडी त्यांनी आणायचा, उभं राहून करून घ्यायचं. त्यांच्या गावाकडचेच ते, तिकडे पलीकडे इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर त्यांना माहिती असतील, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली गेलं, आणि १९७२ ला हायडलबर्गला पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. दादाने काही पदक आणायचं नाहीये. पण ते पोहले तेव्हा पाय तसेच होते, एवढं बाबांच्या कानावर पडू दे.

आणि तू. तू झोपतेस का नीट? नोकरी करून घरी येऊन दोन तासांनी कुस बदलायला उठतेस असं असेल तर आत्याला सांग, शनिवारची रात्र तुमची. त्यांच्या मिस्टरांना खरंच मदत करायचीये ना, मग ही खरी मदत आहे. दादाच्या खोलीत जाऊन एकदा त्याला सांग की तू बोललास ते मी ऐकलं, संडासचं आपण करतोय. मग टेप घेऊन जा, दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत, तिन्ही मापं घे, त्याच्याकडून लिहून घे, फोटो काढ आणि मला पाठव. व्हीलचेअरला निदान बत्तीस इंच मोकळी जागा लागते, तुमच्या दारात किती कमी पडतेय ते बघू, मग गवंड्याला नेमकं काय सांगायचं ते मी कळवते.

तुझी,
ताई